हातातला कासरा

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी रंगूबाई गिरणीवरून दळण घेऊन निघाली आणि पोळा भरतो त्या आखराजवळ आली, तर समोर तिचा नवरा उभा होता. मागच्या माघात गेलेला नवरा. तोही शेवटी होता तसा, खोकून खोकून वाळलेला नाही, तर ऐन चाळिशीतला. अंगात फौजेचा पोशाख, छातीवर पदकं, मिशीला पीळ. दोन माणसांच्या उंचीचा.

फ्लेक्स होता तो. ज्या दोन बल्ल्यांना उद्या आंब्याच्या पानांचं तोरण बांधायचं त्यांनाच अडकवलेला. वारं आलं की त्याचं पोट फुगायचं आणि रामकिसन श्वास घेतल्यासारखा दिसायचा.

रंगूबाईनं डबा खाली ठेवला. दळण ती कुणाच्या हाती पाठवत नसे. पोरगा म्हणायचा, गाडीवर घालून पाच मिनिटांत आणतो. पण एक वर्ष असं गेलं होतं की या गिरणीचा दरवाजा तिच्या वस्तीला बंद होता, आणि तेव्हापासून तिनं ठरवलं होतं की पायात बळ आहे तोवर आपलं पीठ आपण आणायचं, भर चौकातून, सगळ्यांच्या देखत.

ती वाचू लागली. अक्षरं तिला सावकाश लागायची. ती त्याच माणसानं शिकवली होती, चुलीपुढं, राखेत बोट फिरवून. ‘वीर जवान हवालदार रामकिसन सरकटे यांना समस्त गावकऱ्यांची मानवंदना.’ आणि खाली, ‘देशासाठी लढलेला गावाचा सुपुत्र.’ त्याच्याही खाली सरपंच स्वप्निल हात जोडून हसत होता आणि त्याच्या बाजूला ज्यांचा काही संबंध नाही अशी आठ-दहा तोंडं.

पहिल्यांदा तिला बरंच वाटलं. खोटं कशाला? आयुष्यभर ज्या आखरावर त्याला उभं राहायला जागा नव्हती तिथं तो सगळ्यांपेक्षा उंच उभा होता. मग तिची नजर त्याच्या हाताकडं गेली.

उजवा हात छातीपाशी आवळलेला. मुठीत झेंडा. नवा, झकपक, एकही चुणी नसलेला झेंडा.

“काय पाहून राह्यली वो रंगू? सोताच्याच नवऱ्याले नजर लावतं काय?”

मागून तुळसाबाई आली. माळ्याची तुळसाबाई, रंगूबाईच्याच वयाची. आता लेकाच्या मळ्यातली भेंडी-चवळी रिसोडच्या बाजारात नेऊन विकायची आणि दुपारच्या जीपनं परत यायची. रिकाम्या टोपल्यात तिनं कोथिंबिरीची एक जुडी ठेवली होती. ती तिनं न विचारता रंगूबाईच्या डब्यावर ठेवली.

“तुळसे, त्याच्या हाती पाह्य बरं काय हाय.”

“झेंडा हाय. दिसते की.”

“झेंडा नोता त्याच्या हाती.”

तुळसाबाईनं डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. टोपलं या हातातून त्या हातात घेतलं.

“कासरा होता,” रंगूबाई म्हणाली. “बैलाचा कासरा होता त्या मुठीत. बैल कुठी गेले तुळसे? लाखा कुठी गेला? मांगं एवढी माणसं होती ते कुठी गेले?”

“मले काय पुसतं,” तुळसाबाई हळूच म्हणाली. “मले सगळं आठोते.”

आठवणारच. गावातल्या साठीपुढच्या सगळ्यांनाच ते आठवत होतं, आणि म्हणूनच कुणी बोलत नव्हतं.

तेव्हाचा पोळा आजच्यासारखा नव्हता. आता आखरावर मोजक्या जोड्या येतात आणि त्यांच्या मागं लोक ट्रॅक्टरला झेंडूच्या माळा घालून उभे करतात. तेव्हा घरटी एक जोडी होती. आदल्या दिवशी नदीवर बैलं धुवायची, संध्याकाळी त्यांचे खांदे हळद-लोण्यानं चोळायचे. शिंगांना बेगड, अंगावर झूल, गळ्यात घुंगरमाळ. मग सगळी बैलं तोरणाखाली ओळीनं उभी राहायची आणि झडत्या सुरू व्हायच्या. एकानं चार ओळींची चिमटा काढणारी झडती म्हणायची, शेवटी महादेवाचं नाव घ्यायचं आणि साऱ्या गावानं गजर करायचा. झडतीत पाटलालाही टोमणा चालायचा, सावकारालाही. त्या दिवशी कुणी राग धरायचा नाही, अशी रीत होती.

पण रीत तोरणाच्या आतल्यांसाठी होती. बौद्धवाड्यातली बैलं नाल्याच्या पलीकडं, कुंपणामागं उभी राहायची. तोरण तुटून पोळा फुटला आणि सगळे घरी गेले की मग त्यांनी यायचं.

रामकिसन फौजेतून आला तो पायात गोळीची खूण घेऊन. एकाहत्तरच्या लढाईत मांडीत शिरलेली गोळी काढली होती, पण थंडीत पाय ओढायचा. पेन्शनीतून त्यानं एक जोडी घेतली, लाखा आणि पवळ्या. पहिल्या पोळ्याला त्यानं ट्रंकेतून पोशाख काढला, स्वतः इस्त्री केली, पदकं लावली आणि रंगूबाईला म्हणाला, “चाल.” ती म्हणाली, “कुठी?” तो म्हणाला, “तोरणाखाली.” बस, एवढंच. तो बोलायला कमीच होता. फौजेत असताना पत्रसुद्धा चार ओळींचं यायचं.

त्यानं ओळीत बैलं उभी केली. मग त्यानं झडती म्हटली. ती झडती रंगूबाईला श्वासासारखी पाठ होती. झडती संपली, पण गजर झाला नाही. पुंजाजी पाटील पुढं आला. तेव्हा तो अंगानं दणकट होता, हातात तेल पाजलेली काठी. त्यानं माणसाला हात लावला नाही. पोशाखाला भ्याला म्हणा, पदकाला भ्याला म्हणा. त्यानं लाखाच्या डोक्यात काठी घातली. डावं शिंग मुळापासून मोडलं. रक्त बेगडावरून खाली आलं आणि बैल गुडघ्यावर बसला. रंगूबाईच्या नव्या लुगड्याचा पदर त्या शिंगाला बांधण्यात गेला.

दुसऱ्या दिवसापासून बौद्धवाड्याला गिरणी बंद, दुकान बंद, मजुरी बंद. मिठासाठी पोरांना रिठदला पाठवावं लागायचं. तेव्हा रामकिसननं परत तोच पोशाख घातला, एका शिंगाच्या बैलाचा कासरा धरला आणि पायी रिसोडला निघाला. वाटेत वाड्या-वस्त्यांवरची माणसं मिळत गेली. कचेरीसमोर बैलांसकट बसला. तिथं एका फोटोवाल्यानं तो फोटो काढला. पुढं हवालदार, मुठीत कासरा, कासऱ्याला बैल, मागं माणसंच माणसं आणि त्यांच्यात डोक्यावर पदर घट्ट ओढलेली रंगूबाई.

तिथून तो कुणाचाच राहिला नाही, सगळ्यांचा झाला. कुठं स्मशानाला रस्ता देत नाहीत, कुठं पोरांना शाळेत वेगळं बसवतात, कुठं गायरानावरची पेरणी मोडली, की मेडशीपासून माणूस यायचा, “हवालदार घरी हायेत काय?” आणि हा भाकर अर्धी टाकून एसटी धरायचा. चाळीस वर्षं हेच. दोनदा डोकं फुटलं, एकदा महिनाभर आत राहून आला. सीमेवर जितकी वर्षं काढली त्याच्या तिप्पट वर्षं तो इथं लढला.

आणि शिंगाची केस? केस उभी राहिली. साक्षी झाल्या. गावातल्या एकूण एक माणसानं शपथेवर सांगितलं की बैल बुजला आणि स्वतःच बल्लीवर धडकला. काठी कुणी पाहिलीच नाही. तुळसाबाईच्या नवऱ्यानंही तेच सांगितलं. पाटील सुटला. त्या रात्री तुळसाबाईनं नाल्याच्या काटेरी कुंपणावरून वांग्यांची पिशवी या बाजूला टाकली होती. रंगूबाईनं ती घेतली, कारण घरात पोरं होती. पण दोघी त्याबद्दल कधीच बोलल्या नाहीत.

संध्याकाळी रंगूबाईचा मुलगा मुन्ना जीप लावून घरी आला. रिसोड-रिठदच्या फेऱ्या मारून तोंडावर धुळीचा थर बसलेला.

“फोटो तू देल्ला?”

मुन्नानं हात धुता धुताच मान हलवली. “मांगतला त्यायनं. अख्खा देल्ला होता माय. त्यायनंच कापला.”

“अन् तू पाहून चूप राह्यला.”

“काय करू मंग? भांडू? आजवर कोनी इचारलं आपल्याले? आता सोताहून मान देऊन राह्यले तं घेऊन घे. झेंडा हाय माय, झेंडा. त्याच्यात काय वाईट हाय? बाबा झेंड्यासाठीच लढले.”

“झेंड्यासाठी लढला तवा त्याच्या हाती बंदूक होती. मंग तिचा फोटो लावा. ह्या हाती कासरा होता.”

“तू अन् तुहा कासरा,” मुन्ना म्हणाला. आवाज चढला नाही, दमलेला होता. “तुले इथं बसून राहाचं हाय. मले रोज ह्यायच्या सवाऱ्या भरा लागते.”

हे ऐकून ती जास्तच पेटली. तो म्हणत होता ते खरं होतं आणि त्यातच खरा राग होता. चाळीस वर्षांपूर्वी मीठ बंद केलं होतं, आता सवाऱ्या बंद होण्याची भीती. माणूस मेला तरी ती भीती तशीच.

दिवे लागले तेव्हा सरपंच स्वप्निल आला. पुंजाजी पाटलाचा नातू. पुण्यात शिकलेला, पायांत बूट, बोलण्यात साखर. पोरगा वाईट नव्हता. रामकिसन आजारी असताना गाडी करून वाशिमच्या दवाखान्यात नेलं होतं त्यानं. तिच्या पाया पडला.

“आजी, उद्या तोरण तोडाचा मान तुमाले देल्ला. गावात पयल्यांदा बाईच्या हातून तुटून राह्यलं. आबाच्या हातून हार घालू फोटोले. पेपरवाले येऊन राह्यले.”

“कोन्या आबाच्या हातून?”

“आमच्या. म्हणजे जुनं सगळं मिटलं असं दिसंल.”

“मिटलं काय?”

स्वप्निल हसला. “आजी, तुमी भी ना.”

“बस इथं,” रंगूबाई म्हणाली. “दोन गोष्टी कर. फोटो पुरा लाव. अन् भाषणात सांग, ह्या जागी काय झालं होतं. एवढं केलं तं मी तोरण तोडीन, तुह्या आबाच्या हातून हारही घालून घेईन.”

“सणाचा दिस हाय आजी. उकरून काय भेटते? आबाची नव्वदी आली. त्यायले धड ऐकाले भी येत नाही. कायले त्या बुढ्या माणसाले…”

“लाखाले भी काही समजत नोतं,” ती म्हणाली.

स्वप्निल उठला. त्याच्या चेहऱ्यावरून हसू गेलं नव्हतं, पण ते आता नुसतं ठेवलेलं होतं. “फ्लेक्स छापून झाला. पुढच्या साली पाहू. तुमी या मात्र. नाही आल्या तं हवालदाराचाच मान जाईन.”

“येईन,” रंगूबाई म्हणाली. स्वप्निलला वाटलं, जमलं.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलली तशी माणसं आखरावर जमली. पाऊस दोन दिवस थांबलेला होता आणि सोयाबीनच्या वावरांवरून ओला वास येत होता. खुर्च्या मांडल्या होत्या, कर्णा लावला होता. तोरण थोडं पुढं घेऊन बांधलं होतं, कारण मूळ जागा फ्लेक्सनं घेतली होती. बैलं ओळीत उभी होती, शेपट्यांनी माशा हाकत. त्यांच्या मागं ट्रॅक्टर.

पुंजाजी पाटलाला खुर्चीत बसवून आणलं होतं. अंगानं सुकला होता, पण पागोटं तसंच कडक. त्याच्या हातात झेंडूचा हार दिला तेव्हा तो त्याच्याकडं असा पाहत राहिला जसं काही विकत घ्यायचं आहे आणि भाव जास्त वाटतो आहे. दोघांनी धरून त्याला उभं केलं. हार फ्लेक्सच्या दोरीला अडकवला. टाळ्या झाल्या. पेपरवाल्यानं फोटो काढला.

स्वप्निलनं भाषण केलं. सीमा, बर्फ, गोळी, पदक. प्रत्येक शब्द खरा होता आणि रंगूबाईला प्रत्येक शब्दाचा संताप येत होता. अर्धं खरं सांगणाऱ्याला खोटं पाडता येत नाही. भाषणात रामकिसन फौजेतून घरी आला आणि तिथंच संपला, जणू त्यानंतरची चाळीस वर्षं तो ओसरीवर बसून बिड्या ओढत होता.

मग झडत्या झाल्या. दोन-तीन पोरांनी मोबाईलवरून वाचल्या. एकानं सोयाबीनच्या भावावर म्हटली, लोक हसले, गजर झाला. तेवढ्यात स्वप्निलनं रंगूबाईच्या हाती विळा दिला. “चला आजी, तोरण.”

तिनं विळा घेतला आणि कर्ण्याच्या माइकपाशी गेली.

“माही झडती राह्यली,” ती म्हणाली.

लोक हसले. बाईनं झडती म्हटलेली कुणी ऐकली नव्हती. एक जण मागून म्हणाला, “होऊन जाऊ द्या बुढी.” मुन्ना गर्दीच्या कडेला उभा होता. त्यानं डोळे मिटून घेतले.

“पयली त्याची,” रंगूबाई म्हणाली. “ह्याच जागी म्हणली होती त्यानं. ज्यायनं ऐकली होती त्यायनं परत ऐका.”

आवाज पातळ होता, पण कर्ण्यानं तो सगळीकडं नेला.

“सरहद्दीवर उभा राह्यलो, कोणी जात पुसली नाही,
गोळी आली मांडीवर, तिनं वाट चुकवली नाही;
बैल माहा, घाम माहा, नांगरली माही माती,
तोरणाखाली उभं राहाले कायले पायजे जाती?”

हसू थांबलं. पुढच्या ओळीतले म्हातारे खाली पाहू लागले. तरणी पोरं एकमेकांकडं पाहत होती, ही कोणती झडती, कधीची.

“आता माही,” ती म्हणाली.

“हातचा कासरा कापून त्यायनं झेंडा देल्ला हाती,
बैल पुसले, माणसं पुसली, पुसली गावची माती;
शिंग मोडणाऱ्या हातानं आज हार घातला त्याले,
आर्धा माणूस टांगला वरतं, आर्धा दडवला कायले?”

आणि ती थांबली. महादेवाचं नाव तिनं घेतलं नाही. गाव सवयीनं तोंड उघडून तयार होतं, गजर करायचा होता, पण कशाचा करायचा तेच कळेना. उघडलेली तोंडं तशीच हळूहळू मिटली. एका बैलानं मान हलवली तेवढी घुंगरं वाजली.

पुंजाजी पाटलानं हात कानाशी नेला. “काय म्हणली? काय म्हणली ते बाई?”

“काही नाही आबा,” स्वप्निल म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

“सांग त्याले,” रंगूबाई म्हणाली. “तू सरपंच होय ना? सांग.”

स्वप्निलनं आजूबाजूला पाहिलं. कुणी मदतीला आलं नाही. मग तो आजोबाच्या कानाशी वाकला आणि दबक्या आवाजात काहीतरी बोलला. म्हाताऱ्याला कळेना. त्याला परत मोठ्यानं बोलावं लागलं. “म्हणते तुमी शिंग मोडलं. बैलाचं.”

पाटलाला राग आला. कमी ऐकणारी माणसं बोलतात ती मोठ्यानं. त्याला कर्ण्याची गरज पडली नाही.

“म्या? अरे, म्या एकच मारली होती. एकच. शिंग कच्चंच होतं त्याचं, पयलेपासून. एका काठीनं कुठी शिंग मोडते काय?”

चाळीस वर्षं जी काठी कुणीच पाहिली नव्हती ती आता सगळ्यांच्या मधोमध येऊन पडली होती. म्हाताऱ्याला ते उमगलंच नाही. तो लोकांकडं पाहत होता, आपली बाजू खरी आहे हे कुणीतरी म्हणावं म्हणून.

“अन् आमच्या मालकाले काय सांगा लावलं होतं तुमी?” बायकांमधून तुळसाबाईचा आवाज आला. “शपथ घ्याले लावली होती. बैल बल्लीवर धडकला म्हणून. मरेपस्तोर झोपला नाही तो माणूस धड.”

“आत्या, बसा खाली,” कोणीतरी म्हणालं.

“तू बस,” तुळसाबाई म्हणाली आणि उभीच राहिली.

स्वप्निल आजोबाकडं पाहत होता. घरात त्यानं हीच गोष्ट बैल बुजल्याची म्हणून ऐकली असणार. मग त्याची नजर पेपरवाल्याकडं गेली.

रंगूबाईला वाटलं होतं की हे शब्द ऐकले की छातीवरचं ओझं उतरेल. काहीच उतरलं नाही. उलट आता नवाच राग आला. एवढंच होतं? एका म्हाताऱ्याच्या तोंडून सहज निघण्यासारखं होतं तर हे रामकिसन जिवंत असताना का निघालं नाही? मागच्या माघापर्यंत तो या गावात होता, याच रस्त्यानं दवाखान्यात गेला होता.

तिनं विळा स्वप्निलच्या हाती परत दिला.

“तोरण तुमीच तोडा. पुरा फोटो लागंल, बैलासकट, तवा मले बलावजा. तवर हा फोटो आमचा हाय, तुमचा नाही.”

ती फ्लेक्सकडं वळली. वर बांधलेल्या दोऱ्यांपर्यंत तिचा हात पोचणार नव्हता, ते तिला माहीत होतं. तरी तिनं हात वर केला.

गर्दीच्या कडेनं मुन्ना आला. तो आईशी बोलला नाही, तिच्याकडं पाहिलंही नाही. चपला काढल्या, बल्लीवर चढला आणि वरची गाठ सोडू लागला. गाठ वाऱ्यानं आवळून बसलेली होती, नखांनी निघेना. त्यानं ती दातांनी सोडवली. हारासकट एक बाजू खाली आली, मग दुसरी. रामकिसनचा चेहरा घडीत गेला, मग पदकं, मग तो झेंडा धरलेला हात.

“उद्या सवाऱ्या भेटतीन का रे?” खालून कुणीतरी विचारलं. टोमणा होता.

“नाही भेटल्या तं पायी जाऊन,” मुन्ना म्हणाला. “आमाले सवय हाय.”

त्यानं गुंडाळी खांद्यावर घेतली. रंगूबाई पुढं, तो मागं, अशी दोघं आखरावरून निघाली. तोरण तसंच होतं, कुणी विळा पुढं केला नव्हता, आणि ओळीतली बैलं तोंडाला फेस आणून केव्हा सुटतो याची वाट पाहत उभी होती. नाल्यापाशी आल्यावर रंगूबाई थांबली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, “घरी गेल्यावर तो अख्खा फोटो काढ. रिसोडले जाऊ उद्या. मोठा करून आणू.”

“केवढा?”

“दोन बैलं मावतीन एवढा.”